संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी

परभणीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. म्हशी, शेळ्या आणि हल्ली कुत्री. साप निघाला की लोक सर्पमित्राला फोन करतात, डॉक्टरकडे कोण आणतो? त्यामुळे डिसेंबरात एक पोरगा भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पेटी घेऊन आला, सोबत आजी, तेव्हा मला वाटलं ससा असेल.

"सर, बोआ आहे. परवा उंदीर उलटून टाकला. तेव्हापासून नुसती पडून राहायलीय."

बोआ म्हणजे अजगरासारखा परदेशी साप. आधी कागद मागितले. मांडूळ किंवा अजगर असता तर थेट वनविभागाला फोन लावावा लागला असता. देशी साप घरात ठेवताच येत नाहीत. बोआ परदेशी, पण 2024 च्या नियमांप्रमाणे तिचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. त्याने मोबाईलवर ती दाखवली. मग झाकण उघडलं.

पाहताक्षणी माझ्या तोंडून निघालं, "तब्येत तर झकास आहे की!" तिथेच चुकलो. भरल्या अंगाचं जनावर म्हणजे निरोगी, हे आमच्या डोळ्यांत इतकं बसलंय.

वजन कशात करायचं? शेळ्यांचा ताणकाटा काढला, धुतलेलं पोतं घेतलं, दोघांनी मिळून तिला आत सरकवलं. सायकलच्या ट्यूबची हवा सोडावी तसा फूत्कार. शेजारच्या बाकावरचे दोघे बकरा घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले. काटा 10 किलो 200 ग्रॅमवर थांबला. लांबी साडेसहा फूट. एवढ्या लांबीच्या मादीला सहा-सात किलो पुष्कळ झाले.

मग हाताने पाहिलं. अंग वळलं की कातडीला खोल घड्या पडत होत्या. खवले एकमेकांपासून सुटलेले, मधली कातडी दिसत होती. शेपटी तर गुदद्वाराच्या खाली एकदम बारीक, जाड पिशवीला दोरी बांधल्यासारखी. उलटं धरलं तर लगेच सरळ झाली, तेव्हा जीव भांड्यात पडला. बोआंना एक विषाणूजन्य रोग होतो, त्यात उलट्या होतात आणि तोलही जातो. घरात दुसरा साप नव्हता. तरी शेपटीच्या शिरेतून रक्त घेतलंच.

"खायला कधी देतोस?"

"दर शनिवारी. दीड फुटाची आणली तेव्हापासून, एकही चुकवला नाही."

सात वर्षं. उंदीर मोठे होत गेले, शनिवार तोच राहिला. दीड फुटाच्या पिल्लाला दहा-बारा दिवसांनी एक छोटा उंदीर ठीक. ते वाढत असतं. वर्ष-दोन वर्षांनंतर दोन-तीन आठवड्यांचं अंतर. पूर्ण वाढ झाली की चार ते सहा आठवड्यांनी एकदा, तोही अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच. हे जनावर बसल्या जागी भक्ष्याची वाट पाहतं, स्वतःचं अंग गरम ठेवायला अन्न जाळत नाही. खर्च नाही, तर शिलकीचं काय होणार? चरबी.

उलटीचं कारण आजीने सांगितलं. शनिवारी रात्रभर लाईट नव्हती. पेटीची गरम बाजू 31-32 अंशांवर हवी. ती परभणीच्या थंडीत किती उतरली असेल ते सांगायला नको. गारठलेल्या सापाचं पचन थांबतं, पोटातला उंदीर कुजायला लागतो, मग तो बाहेर येतो. बोआने स्वतःला वाचवलं म्हणा.

तीन आठवडे फक्त पाणी, मग नेहमीच्या चौथाईएवढा उंदीर, तोही खाल्ला की दोन दिवस हात लावायचा नाही. त्यानंतर पाच आठवड्यांचं अंतर.

आजी गप्प बसल्या होत्या, पण हे ऐकून म्हणाल्या, "डॉक्टर, लेकराला महिनाभर उपाशी ठेवायचं? पाप लागंल."

मी चयापचय समजावायला गेलो, ते काही पोहोचलं नाही. मग सुचलं तसं विचारलं, "आजी, तुम्ही उपास करता का?"

"एकादशा करते. संकष्टी करते."

"मग तिलाही करू द्या."

पोरगा हसला. आजी हसल्या नाहीत, विचारात पडल्या.

जूनमध्ये परत आले. काटा 9 किलो 100 वर. घरातल्या कॅलेंडरवर आजींनी दर महिन्याच्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवसाला लाल पेनने गोल केलाय म्हणे, त्याशिवाय नातवाला उंदरांच्या फ्रीजरला हात लावू देत नाहीत. मी पाच आठवडे सांगितले होते, हे चारच भरतात. उंदीर थोडा लहान करा म्हटलं आणि सोडून दिलं.