पुस्तकं परत येतात का?

सोसायटीत ‘एक न्या, एक ठेवा’ अशी पुस्तकांची पेटी ठेवायचं निघालं, की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच येतो: नेलेली पुस्तकं लोक परत आणतील का? बरेच जण आणत नाहीत, आणि आणायलाच हवीत असंही नाही. ही लायब्ररी नव्हे. वर्गणी नाही, रजिस्टर नाही, दंड नाही. काळजी करायची ती उलट गोष्टीची. पेटी रिकामी होऊन बंद पडत नाही, भरून पडते. जुने गाईड, कालबाह्य संगणक-पुस्तिका, कुठल्यातरी शिबिरात फुकट मिळालेली चोपडी एकदा आत साठली, की येणारे-जाणारे तिकडे बघेनासे होतात.

म्हणून पेटीआधी माणूस ठरवा. समिती नको, एकच माणूस, आठवड्याला दहा मिनिटं. आलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने महिना लिहायचा. तीन महिने जागचं हललं नाही, तर ते काढायचं: शेजारच्या सोसायटीच्या पेटीत, नाहीतर रद्दीत. पुस्तक रद्दीत घालायला हात धजत नाही हे खरं, पण तो धजावावा लागतो.

या कल्पनेचं आजचं रूप अमेरिकेतलं. २००९ साली विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीत छोट्याशा शाळेसारखी दिसणारी लाकडी पेटी घराबाहेर खांबावर उभी केली. मुंबईत तशी उघड्यावर ठेवली तर जुलैपर्यंत पुस्तकांचा लगदा होईल. इथे जागा म्हणजे लिफ्टजवळची लॉबी, नाहीतर स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या नजरेसमोर. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये अजिबात नको. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. तळमजल्यावर पाणी शिरत असेल, तर आजवर जिथवर चढलं त्याच्या फूटभर वर पेटीचा तळ घ्या. बाकी ठिकाणी खालचा कप्पा जमिनीपासून अडीच फुटांवर बरा, मुलांचा हात पोचतो.

सुतार भेटला की त्याला मापं लिहूनच द्या, कारण तो सवयीने कपाट करतो. रुंदी ३० इंच. त्याहून लांब फळी वजनाने मधे वाकते. खालचा कप्पा १२ इंच उंच, म्हणजे दिवाळी अंक आणि मुलांची चित्रांची पुस्तकं उभी राहतात. वरचा १० इंच, त्यात साडेआठ इंची डेमी पुस्तकं आरामात बसतात. खोली नऊ इंचच. जास्त ठेवलीत की लोक दोन रांगा लावतात आणि मागची रांग कायमची मागेच राहते. प्लाय १८ मिलिमीटरचा, मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा. दाराला काच नको, चेंडू कधी ना कधी लागतोच. ॲक्रिलिक लावा, बिजागरी स्टेनलेस स्टीलची. दाराच्या कडेने तीन-चार मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर पावसात प्लाय फुगून दार अडकतं, आणि अडकलेलं दार दुसऱ्यांदा कुणी ओढत नाही. पेटी भिंतीला थेट चिकटवू नका. मागे इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या द्या, म्हणजे भिंतीची ओल आत उतरत नाही. दोन्ही बाजूंना वर-खाली भोकं पाडून जाळी मारा. पुस्तकांसकट वजन तीस-पस्तीस किलोंपर्यंत जातं; भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर टांगण्यापेक्षा पाय लावा.

यात साठेक पुस्तकं मावतात. एवढीच ठेवा, थोडी सैल. दाबून बसवलेल्या पुस्तकांत हवा खेळत नाही आणि बुरशी तिथूनच सुरू होते. सिलिका जेलच्या पुड्यांवर पैसे घालवू नका. दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या दाराला त्या पुरत नाहीत. डांबरगोळ्याही नकोत, मुलं आत हात घालतात.

नवं आलेलं पुस्तक लगेच फळीवर लावू नये. मधोमध उघडावं, शिवणीजवळ बोट फिरवावं, वास घ्यावा. मिऱ्याच्या पुडीसारखे काळे कण म्हणजे कसर. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पिठासारखा भुगा म्हणजे आत अळी आहे. असं पुस्तक ठेवण्याजोगं असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. वाळवीची माती दिसली, तर मात्र पिशवीसकट बाहेर.

आता चोरी. रद्दीच्या भावाने विकायला कुणी गठ्ठा उचलतो, असं होतं. पहिल्या पानावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारा, आणि पुस्तक मिटून पानांच्या कडेवरही. कुलूप लावलंत तर किल्ली मागायला कुणी येणार नाही.

दिवाळीच्या साफसफाईत पोतीच्या पोती येतात, तेव्हा ‘एका घरातून पाचच’ अशी पाटी लावा. आजोबांचा अख्खा संग्रह कुणी देऊ केला तर तो पेटीत ओतू नका. आधी यादी करा, आणि दुर्मीळ वाटेल त्याबद्दल मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी विचारा. वाचून झालेले दिवाळी अंक डिसेंबरपासून पेटीत येऊ लागतात. ते गुढीपाडव्यापर्यंत हातोहात फिरतात, आषाढात त्यांना कुणी शिवत नाही; तेव्हा काढून ती जागा मुलांच्या पुस्तकांना द्या.