मार्गशीर्षातला गळ

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, डिकसळच्या बाजूला, दुपारी एकच्या सुमाराला माझ्या गळाचे बूच पाण्यावर इतके निश्चल उभे होते की चिखलात थांबलेल्या एका राखी बगळ्याने त्याच्याकडे दोनदा पाहिले आणि त्यात आपल्या कामाचे काही नाही असे ठरवून तो चार पावले पुढे सरकला. बुचाकडे टक लावून बसण्यात एक मोठी सोय आहे. काहीही न करता बसलेल्या माणसाला आपल्याकडे घरातले कोणी ना कोणी कोथिंबीर आणायला पिटाळते. हातात काठी असली की त्याच बसण्याची गणना चिकाटीत होते.

मासा लागलाच पाहिजे अशी मला निकडही नव्हती, कारण महिना मार्गशीर्षाचा होता. जे काही मिळेल ते उंबऱ्याच्या आत येणार नाही, असे आईने आदल्या रात्रीच बजावले होते, आणि ताईचे गुरुवार चालू असल्यामुळे दाजींच्या घरीही माशाला प्रवेश नव्हता. तरीही पुणे सोडल्यापासून थेट कुरकुंभ मागे पडेपर्यंत दाजी गाडीत माशांची वाटणी करत होते. कटला शेजारच्यांना द्यायचा, चिलापी ऑफिसातल्या मित्राला, आणि मरळ मासा सापडलाच तर तो कोणालाही न देता त्याच मित्राच्या फ्रीझरमध्ये अमावस्येपर्यंत ठेवायचा, असा त्यांचा पक्का हिशेब होता. बाजारातल्या तुरीवरून भट भटणीला मारतो असे म्हणतात. दाजी त्या मानाने शांत स्वभावाचे आहेत.

उजाडायच्या आत काठावर पोचायचे, हाही त्यांचाच आग्रह. त्या पठारावरची डिसेंबरातली पहाट कानांवर मफलर असूनही कानांतच शिरते. आम्ही कुडकुडत कणकेत हिंग मळत होतो तेव्हा होडीवाले काका शेकोटीपाशी उकिडवे बसून आमच्याकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "साहेब, थंडीत मासा लवकर उठत नाही. ऊन चढू द्या." त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितके गार तितका तोही गार, आणि पाणी गारठले की त्याचे पचनही मंदावते, त्यामुळे एकदा खाल्लेले त्याला बराच काळ पुरते. रोहू, कटला आणि चिलापी यांना साधारण पंचवीस ते तीस अंशांचे कोमट पाणी मानवते. त्यातही चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली, आणि उजनीत तर तिने असे बस्तान बसवले आहे की भिगवणच्या बाजारात तिच्यावाचून पाटी भरत नाही. चिलापीची एक मोठी जात अंडी आणि पिले तोंडात सांभाळते आणि तेवढ्या काळात तिची मादी जवळजवळ उपाशी राहते, हे मला ठाऊक होते. परंतु ते उबदार पाण्यातल्या विणीचे दिवस, म्हणून ही सबब मी दाजींना पुरवली नाही. शिवाय मार्गशीर्षात मासाच उपास करतो आहे, असे मी म्हटले असते तर ते त्यांना आवडले नसते.

आमच्याखेरीज त्या पाण्यावर सगळ्यांची जेवणे चालू होती. रोहित पक्षी माना उलट्या करून चोचीतून चिखलपाणी गाळत होते, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब काठावर चरत होते आणि पाणकावळे बुडी मारून काही ना काही गिळूनच वर येत होते. दाजी गळाला नवी कणीक लावत असताना थोड्याच अंतरावर एक ऑस्प्रे उंचावरून पाण्यावर आदळला आणि हातभर मासा पंजात धरून, त्याचे डोके पुढच्या दिशेला करून, आमच्या डोक्यांवरून निघून गेला. दाजींनी तो दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली आणि मग त्याने जिथे झेप घेतली होती नेमका तिथेच आपला गळ फेकला.

माझा मामा असता तर त्याने या दुष्काळाचे कारण क्षणात सांगितले असते, आणि त्याचा पाण्याच्या तापमानाशी काडीचाही संबंध नसता. नीरेकाठच्या त्या घरातून मामा मासे धरायला निघाला की ओट्यावर बसलेली माणसे एकाएकी आपापल्या कामात गढून जात, कारण त्याला 'कुठे?' असे विचारायचे नसे. बांबूची काठी, तंगुसाची गुंडाळी, ज्वारीच्या धाटाच्या भेंडाचे बूच आणि गांडुळांचा डबा धरलेला भाचा एवढा सगळा सरंजाम समोर दिसत असताना खरे तर विचारण्यासारखे काही उरतही नसे. आजी तर काठीकडे न पाहता फक्त चहा पुढे करी. एवढे करूनही वेशीपाशी एखादा पाव्हणा चुकतोच. त्याने मोठ्या प्रेमाने, "कुठे निघाली स्वारी?" असे विचारले की मामा तिथूनच मागे फिरे, ओट्यावर टेकून तांब्याभर पाणी पिई आणि मग नव्याने निघे. नदीवर आम्ही मुलांनी बोलायचे नाही, खोकायचे नाही आणि आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, असा दंडक होता. संध्याकाळी तो रिकाम्या हाताने परतला की जेवणाच्या आधी चौकशी बसे आणि सकाळी कोण काय बोलले याची उजळणी होऊन गुन्हेगार हमखास सापडे. बहुतेक वेळा ती धाकटी मामी असे. ती मुकाट्याने आरोप मान्य करी आणि पिठले टाकी, आणि त्या पिठल्यावर मामाचा राग उतरे. आमटीत टाकायला एकही शिंगाडा मासा मिळालेला नसला तरी त्या घरात मासेमारीवर कधी कोणी शंका घेतली नाही.

हल्ली हे सगळे फोनवर गेले आहे. दाजींच्या फोनमध्ये चंद्राच्या कला दिसतात, वाऱ्याची दिशा दिसते, हवेचा दाब दिसतो आणि आज मासा खाईल की नाही याचे चिन्हही दिसते. दुपारी तीन वाजता त्यांनी दाब उतरत असल्याचे मला दाखवले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. मला ते कारण पटले, पण आवडले नाही. हवेच्या दाबावर रागावता येत नाही आणि तो पिठलेही टाकत नाही. कारण खरे असले पाहिजे हे मान्यच आहे. फक्त खरे कारण सापडल्यावर पुढे काय करायचे, हे त्या फोनमध्ये कुठेही नसते.

ऊन कलल्यावर काकांनी आम्हाला काठावर आणून सोडले. सकाळी ते पक्षी पाहायला आलेल्यांना पाण्यावर फिरवतात आणि संध्याकाळी जाळे लावतात. गळाने मासे धरणाऱ्या पुणेकरांचा समावेश ते बहुधा पहिल्या कामात करत असावेत. परतीच्या वाटेवर भिगवणच्या बाजारातून दोन चांगल्या चिलापी घ्याव्यात, कोण विचारतो, असे दाजी म्हणाले. ज्या घरात मासा नेताच येत नाही तिथे तो आपणच धरला अशी थाप मारण्यात काय अर्थ आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

आता त्यांचा बेत होळीनंतरचा आहे, कारण तेव्हा पाणी तापते आणि मासा आमिषावर येतो. उजनीच्या एकंदर ११७ टीएमसी पाण्यातले ६३ टीएमसी मृत साठ्यात, म्हणजे टक्केवारीच्या हिशेबाबाहेर, धरतात, त्यामुळे उन्हाळ्यात वर्तमानपत्रे धरण उणे टक्क्यांत मोजू लागतात, काठ दूर दूर सरकतो आणि वाईट वर्षी पळसदेवचे बुडालेले देऊळ पाण्याबाहेर येते, हे मी त्यांना सांगून पाहिले. त्यावर, पाणी आटले की मासा एकाच जागी गोळा होतो, असे त्यांनी उत्साहाने समजावून दिले आणि पुढच्या वेळचे पेट्रोल माझ्याकडे लागले.