दीड किलो जास्त आहे दादा

परवा रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲप वाजलं. "दादा दीड किलो जास्त आहे, सकाळी सातला वेट-इन, काय करू." खाली काट्याचा फोटो, 51.5, त्यावर त्याचे दोन पाय आणि डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी. पोरगं सोळा वर्षांचं, बॉक्सिंगच्या ज्युनियर स्पर्धेत 50 किलोच्या गटात नाव दिलंय. वेट-इन म्हणजे फाइटआधीचं वजन, त्यात काटा 50 च्या वर गेला की बाहेर.

मी कोच वगैरे नाही हां. ऑफिस सुटलं की आठवड्यातून तीन दिवस क्लबवर जातो, पोरांना पॅड धरतो आणि जुना बॉक्सर म्हणून कुणी न मागितलेले सल्ले देतो. पण हा प्रश्न आला की माझाच घसा कोरडा पडतो, कारण हे सगळं मी स्वतः करून बसलोय.

2011 ची गोष्ट. मी तेव्हा जेवूनखाऊन 63-64 किलो असायचो आणि खेळायचो 60 ला. 60 नंतर थेट 64 होती तेव्हा, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की तुझी हाइट आहे, 60 ला तुझा रीच, म्हणजे हाताचा पल्ला, कुणाला झेपणार नाही. कागदावर बरोबरच होतं ते. स्पर्धा विदर्भात आणि महिना मे. आदल्या संध्याकाळी काटा 61.4 दाखवत होता. मग नेहमीचा कार्यक्रम, आत दोन टीशर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट, डोक्याला कानटोपी, आणि लॉजच्या गच्चीवर दोरीवरच्या उड्या. पाणी दुपारपासूनच बंद. रात्री पंखा बंद करून दोन ब्लँकेटं घेऊन पडलो, तोंडात च्युइंगगम, शेजारी रिकामी बाटली, त्यात थुंकत बसायचं. (थुंकून कितीसं जातं म्हणाल तर फार नाही, पण त्या रात्री पन्नास ग्रॅमसुद्धा सोन्याच्या भावानं मोजतो माणूस.)

सकाळी 59.9. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग तासाभरात सहा केळी, दोन लिटर इलेक्ट्राल, वर बाहेरच्या गाडीवरची पुरीभाजी, कारण दोन दिवसांची भूक काय ऐकते का कुणाचं. फाइट दुपारी. पहिला राउंड मस्त गेला, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) बसत होता. दुसऱ्या राउंडला पाय माझे नव्हतेच. पोटऱ्यांत गोळे, पोटात पुरीभाजी डुचमळतेय, समोरच्याचा उजवा हात येताना दिसतोय, अगदी स्पष्ट दिसतोय, आणि डोकं काही बाजूला होत नाहीये. मार खाऊन डगमगलो म्हणून रेफरीनं एकदा आठपर्यंत आकडे मोजले, परत मोजले आणि फाइट थांबवली. समोरचा माझ्यापेक्षा चार बोटं बुटका होता आणि सकाळी निवांत पोहे खाऊन आला होता.

पुढच्या वर्षी 64 ला खेळलो. तिथंही हरलोच. पण पॉइंटवर हरलो, आणि परतीच्या एसटीत बसल्यावर कुठला पंच कधी खाल्ला ते सगळं आठवत होतं.

आता पोरं हे शिकतात कुठून, तर अर्धं सीनियर पोरांकडून आणि अर्धं यूट्यूबवरून. तिथं प्रो बॉक्सर आणि यूएफसीवाले (मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे फायटर) गरम पाण्याच्या टबात बसून चार-पाच किलो उतरवताना दिसतात. पण त्यांचं वजन होतं आदल्या दिवशी, मग चोवीस तास किंवा त्याहून जास्त मिळतात, सोबत डॉक्टर, डाएटवाले, सगळा ताफा. आपल्या अमॅच्युअरमध्ये सकाळी वजन आणि त्याच दिवशी फाइट. नियमात वेट-इन संपल्यापासून पहिल्या फाइटपर्यंत किमान तीन तास धरलेत, आणि जिंकलास तर पुढच्या फाइटच्या सकाळी परत काट्यावर उभा. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

घाम काढून जे जातं ती चरबी नसते बाबांनो. रक्तातलं पाणी कमी होतं, मग तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात आणि अंग तापलं की थंड होत नाही. पोळीभात बंद केला की काटा भराभर उतरतो, त्याचं कारणही तेच, स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, साखर संपली की पाणीही जातं. आपल्याला वाटतं वजन गेलं, गेलेलं असतं पेट्रोल. तीन तासांत पोट पाण्यानं भरता येतं, पण ते अंगात मुरायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि हा काही धावायचा खेळ नाही, यात डोक्यावर मार बसतो. सुकलेलं अंग घेऊन, अर्ध्या सेकंदानं मागे पडलेल्या नजरेनं तो मार खायचा, हे मला आता विचार करूनही नको वाटतं.

यावर क्लबवर लगेच उत्तर येतं की मेरी कोमनं 2018 ला पोलंडमध्ये चार तासांत दोन किलो काढले आणि वर गोल्ड मारलं. खरंय. पहाटे विमानतळावर उतरली, सकाळी वजन होतं, तासभर दोरी मारली आणि बसली 48 मध्ये. पण तेव्हा ती पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन होती रे, स्वतःच्या शरीराचा ग्रॅमनग्रॅम ओळखणारी बाई. तिचं उदाहरण नववी-दहावीच्या पोराला द्यायचं? आणि द्यायचंच तर मग निखत झरीनचंही द्या. पॅरिस ऑलिंपिकला 50 किलोत दुसऱ्याच फाइटला चीनच्या वू यूकडून हरली आणि बाहेर येऊन रडत सांगत होती की वजनासाठी दोन दिवस खाल्लेलं नव्हतं. वू यू पुढे गोल्ड घेऊन गेली, म्हणजे निखत पोटभर जेवली असती तरी जिंकली असती असं मी म्हणत नाही. पण दोन वेळची वर्ल्ड चॅम्पियन, मागे एवढा सपोर्ट स्टाफ, तिची ही गत.

बरं, पोरांचाही सगळा दोष नाही. मी त्याला त्याच रात्री विचारलं, 52 ला का नाही खेळत? तर 52 ला आमच्याच जिल्ह्याचा दुसरा पोरगा आहे, आणि एका कॅटेगरीत जिल्ह्याची एकच एंट्री. झालं. विनेश फोगाटचं याहून वेगळं काय होतं? कुस्तीतली तिची कॅटेगरी 53, तिथला ऑलिंपिक कोटा, म्हणजे देशाची जागा, अंतिम पंघाल या दुसऱ्या कुस्तीगीर मुलीनं मिळवलेला, म्हणून ही उतरली 50 ला. पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकली, त्यात जपानच्या ऑलिंपिक चॅम्पियन सुसाकीला हरवलं, आणि 7 ऑगस्ट 2024 च्या सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं आणि गेलं सगळं. रात्रभर घाम काढून, केस कापूनसुद्धा. खेळ वेगळा पण भानगड तीच, वजनाचा प्रश्न मुळात वजनाचा नसतोच, खुर्चीचा असतो. खुर्च्या कमी, माणसं जास्त, मग खालची खुर्ची गाठायला अंग कापायचं. उलटं करणारी एक बॉक्सर लवलीना बोर्गोहेन आठवते, 69 ला टोकियोचं ब्राँझ, पॅरिसला ती कॅटेगरीच नाही म्हटल्यावर 75 ला गेली आणि 2023 ला दिल्लीत वर्ल्ड चॅम्पियन झाली. तिचा किस्सा क्लबवर कुणीच सांगत नाही.

अमेरिकेत 1997 च्या शेवटी कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन काढता काढता मेले. त्यानंतर तिथं सीझन सुरू व्हायच्या आधीच पोरांची लघवी तपासून, चरबी मोजून किमान वजन ठरवायला लागले, त्याखाली खेळायचंच नाही. आपल्याकडे निदान अठराखालच्यांना हे करायला काय हरकत आहे कळत नाही. एका पोरानं तर मला मध्ये जास्त लघवी करवून पाणी काढणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारलं, मेडिकलमध्ये मिळतात म्हणे. त्याला जाम झापला. डोपिंगमध्ये बंदी आहे त्यांच्यावर हे त्याला माहीतच नव्हतं, किडनीचं तर सोडाच.

मोठ्या माणसानं दोन महिने आधीपासून तेल-साखर-वडापाव आवरून दोन-तीन किलो उतरवले तर माझी काही तक्रार नाही, ते कटिंग (पाणी काढून वजन पाडणं) नाही, ते शहाणपण. पण वाढत्या वयाच्या पोराला पाणी तोडायला लावायचं नाही. सोळाव्या वर्षी वजन वाढणारच, ते वाढायलाच हवं.

तर परवा रात्री मी त्याला लिहिलं, "काहीतरी खा आणि झोप, भरेल ते भरेल." त्यानं अंगठा पाठवला. आणि पहाटे चारला उठून रेनकोट घालून पळाला. 50.0 भरलं, तेही चड्डी काढून.

आणि जिंकला. काल संध्याकाळी, स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे पंचांचं एकमत नव्हतं. मी तिथंच होतो. तिसऱ्या राउंडला दोघंही एकमेकांना धरून उभे, दोघांचे ओठ पांढरे. नंतर कळलं समोरचाही 52 चाच, तोही पळूनच वजन उतरवून आलेला. म्हणजे खालच्या कॅटेगरीत जाऊन लहान पोरगं मिळेल म्हणून हा एवढा जीव काढायचा आणि तिथं भेटतो कोण, तर आपल्याच वजनाचा, आपल्याइतकाच वाळलेला दुसरा पोरगा. मग मिळवलं काय?

आज सुट्टी होती, उद्या सेमी. सकाळी सातला परत काटा.

हे टाइप करत असतानाच त्याच्या आईचा फोन येऊन गेला. "दादा, भूक भूक करतोय हो, पोळी देऊ का त्याला? क्लबचे सर नको म्हणालेत." एवढं सगळं वर लिहिलंय ना मी, शहाणपण वगैरे. तिला काय म्हणालो माहितेय? म्हणालो, थांबा वहिनी, आधी त्याला काट्यावर उभा करा आणि मला फोटो पाठवा.