सार्जाचे पत्र

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीदिनी भरतो. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-श्रीफळ यांविषयी वेगळे लिहावे असे काही नाही. नागपूरच्या थंडीत सकाळी नवाला आम्ही जुने लोक येतो ते मराठीच्या निवृत्त बाईंचे पत्रवाचन ऐकायला.

बाई चष्मा पुसतात, घड्यांवर विरत चाललेला झेरॉक्सचा कागद उलगडतात आणि सावित्रीबाईंनी १८६८ च्या ऑगस्टमध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र वाचू लागतात. पोथीपुराण सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि महार समाजातली सार्जा यांचे प्रेम जमले, तिला दिवस गेले, आणि चिडलेल्या गावकऱ्यांनी दोघांना जिवे मारण्याच्या इराद्याने बडवत गावातून फिरवले. हे कळताच सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी जमाव थोपवला आणि त्या दोघांना जोतीरावांकडे पाठवून दिले. हे सगळे घरची खुशाली कळवावी इतक्या साधेपणाने लिहिलेले आहे. सार्जाच्या नावाशी बाईंचा आवाज दरवर्षी अडतो.

एका वर्षी त्यांच्यानंतर माझे भाषण होते. मीही ३१ वर्षे शिक्षकी केली. आडगावच्या बदल्या, फळ्याविना घेतलेले वर्ग आणि दिवाळी अंकांत छापून आलेले माझे लेख यांवर चार पाने लिहून आणली होती. भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची, कवितासंग्रह १८५४ चा, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आलेला मृत्यू १८९७ चा, हे मी वर्गात तारखांसकट घोकून घेतले होते. सार्जाचे नाव मात्र माझ्या तोंडी एकदाही आले नव्हते. मी पाने खिशातच ठेवली आणि दोन वाक्यांत आभार मानून खाली बसलो.

तरुण तुकड्या तर्री-पोह्यांच्या वेळेवर बरोबर उगवतात, तोवर पत्र संपलेले असते. हे मनाला लागते, म्हणून लिहितो.

खुर्च्या मांडणारे शिपाईमामा, ऐन वेळी रुसणारा माइक सांभाळणारा मुलगा, रांगोळीच्या दोघी बहिणी, संत्रा मार्केटातून पेटी पाठवणारे आमचे वर्गमित्र, पोहेवाल्या काकू या सर्वांचे ऋण आहे. अहवालात दरवर्षी राहून जातात ते बाईंना घेऊन येणारे ऑटोवाले दादा. पत्र संपेपर्यंत ते दाराशीच उभे असतात.