पाचव्या फ्रेमवरचा गोल डाग अखेर सापडला

मंडळी, माझ्या पिनहोल कॅमेऱ्याच्या (भिंगाऐवजी नुसतं बारीक भोक) रोलवर पाचव्या फ्रेमला येणारा तो गोल डाग आठवतोय ना? त्याचं मूळ सापडलं. काल रात्री डेव्हलपिंगच्या टाकीतून निघालेल्या चौथ्या रोलवर वेस्ट केनेट या प्राचीन दफनवास्तूची कोठडी स्वच्छ आली आहे. रीळ उलगडताना हात थरथरत होते.

बेत ठरलेला तोच: इंग्लंडमधल्या एव्हबरी गावच्या रेड लायन पबमधून निघायचं, पायी गाठता येतील अशा आठ जागा, सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या आठ फ्रेम, एकच रोल. पब तिथल्या प्राचीन शिळावर्तुळाच्या आतच असल्यामुळे पहिली फ्रेम दारातच मिळते. ६० टनांहून जड असलेली स्विंडन शिळा आणि केनेट ॲव्हेन्यू (उभ्या शिळांची दुहेरी रांग) ढगाळ सकाळी पटापट उरकले. ॲव्हेन्यूत तीन सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. चरणाऱ्या मेंढ्या धुरकट झाल्या, पण एक मान वर करून बघत उभी राहिली आणि ती कानांसकट उमटली! सिल्बरी टेकडीवर चढायला बंदी आहे, ती लांबूनच घेतली. ३० मीटर उंच, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी रचलेली टेकडी. मागे ढगांचे पट्टे आलेत.

आता पाचवी. वेस्ट केनेटचा लाँग बॅरो म्हणजे इसवी सन पूर्व ३६५० च्या सुमाराची, १०० मीटर लांबीची मातीची दफनवास्तू. पूर्वेच्या टोकाला दगडी कोठड्या आहेत. १९५५-५६ च्या उत्खननानंतर छत दुरुस्त करताना त्यात काच बसवली, तेवढाच काय तो उजेड. आतल्या भिंतीवर उजेड मोजायचा मीटर लावला तर एफ-१६ एवढ्या छिद्राला ४ सेकंद. माझं भोक त्याहून लहान, एफ-१६७, म्हणजे १०९ पट वेळ, सव्वासात मिनिटं. पहिल्या रोलला तेवढंच दिलं आणि नेगेटिव्ह काचेसारखं कोरं निघालं. रेसिप्रॉसिटीसाठी (लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, त्याची भरपाई) माझ्या एचपी-५ फिल्मचा घातांक १.३१ धरला की ४८ मिनिटं येतात. चारपट मंद असलेल्या फोमापॅन १०० फिल्मला हेच गणित पावणेआठ तासांवर जातं, म्हणून ती इथे बादच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रोलला ४८ मिनिटं दिली. दगडांचा पोत सुंदर आला, पण नेगेटिव्हवर कडेजवळ आठ आण्याएवढा काळा गोल, आणि त्यात बॅकिंग पेपरवरचा (फिल्ममागच्या कागदावरचा) ५ चा आकडा अंधूक दिसतोय. शटरच्या फटीतून उजेड शिरत असेल म्हणून तिथली मखमल बदलली. एका दुकानातून ०.३ मिलिमीटर म्हणून मागवलेलं लेझरने पाडलेलं भोक २४०० डीपीआयवर स्कॅन केलं, तर ३४ पिक्सेल, म्हणजे ०.३६ निघालं. ते फेकून थंड पेयाच्या कॅनचा पत्रा घासून स्वतः टोचलं, बरोब्बर २८ पिक्सेल, म्हणजे ०.३. माझं मत विचाराल तर सुई आणि दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर यापुढे विकतचं भोक घेऊच नये. डाग मात्र तसाच.

उत्तर आकड्यातच होतं. आकडा दिसतो तो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतून, आणि एचपी-५ लाल उजेडही पकडते. पण मग पाचवीच का? कारण फ्रेम घेतल्यावर मी फिल्म पुढे सरकवत नाही, पुढच्या फोटोच्या आधी सरकवतो. बॅरोहून परत आलो की रेड लायनच्या बाहेरच्या बाकावर जेवण, आणि कॅमेरा टेबलावर पालथा, पाठ उन्हात. दोन्ही वेळा तास-दीड तास! अंधाऱ्या कोठडीत ४८ मिनिटं जपलेली फ्रेम मीच तिथे उन्हात ठेवत होतो.

फिल्म लगेच सरकवली तर सहावी जळेल, त्यामुळे सवय बदलून भागणार नव्हतं. खिडकीवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपची झडप लावली, आकडा पाहण्यापुरतीच उघडायची. कोणी टॉर्च घेऊन आत आलं की भोकासमोर पुठ्ठा धरायचा आणि स्टॉपवॉच थांबवायचं. ४८ मिनिटांना प्रत्यक्षात सव्वा तास लागला. आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं दिली, आणि कडेचे दगड अखंड, कुठेही डाग नाही.

विंडमिल हिल आणि म्युझियमजवळचं गोल कबुतरखाना ठीकठाक. आठवी चेरहिलचा घोडा, १७८० साली टेकडीवर खालचा पांढरा खडूचा दगड उघडा पाडून कोरलेला. एवढ्या रुंद दृश्यात तो ठिपक्याएवढा आलाय, आणि तिथवर चालेपर्यंत उजेड जातो. हे लिहिता लिहिताच सुचतंय: रेड लायनच्या आतच २६ मीटर खोल विहीर आहे, वर काच. आठवी फ्रेम तीच का नको? सुरुवात दारात, शेवट आत. पुढच्या खेपेला परवानगी विचारतो.

आणखी एक. डिसेंबरात नागपूरला जातोय. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची सुमारे ३०० शिळावर्तुळं लहानपणी पाहिली होती, तेव्हा दगडांवरचे वाटीसारखे खळगे कोणी दाखवलेच नव्हते. तिथल्या उन्हात एचपी-५ ला पाव सेकंद लागेल, हाताने शटर उघडून ते जमत नाही. फोमाला एक सेकंद येतो, रेसिप्रॉसिटीसाठी दुप्पट केला की दोन. बॅरोत बाद झालेला रोल फ्रिजमध्ये आहे, तो त्यासाठी राखून ठेवलाय.