५०० रुपयांत स्क्रॅपबुक: औरंगपुरा ते कागजीपुरा

जालना, बीड, परभणीकडची मंडळी संभाजीनगरला येतात ती बहुधा दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी. स्क्रॅपबुकच्या, म्हणजे फोटो लावून सजवलेल्या वहीच्या, सामानाला यायचं असेल तर गाडीतून उतरण्याआधीच हिशेब ठरवून ठेवा. ५०० रुपये असतील तर २५० कागदाला, १०० चिकटवायच्या वस्तूंना, १०० कटिंग आणि बाइंडिंगला, आणि राहिलेल्या ५० मध्ये सजावट. बाजारात याच्या अगदी उलटं होताना दिसतं. स्टिकर आणि कागदी फुलांच्या पाकिटांतच पैसे संपतात आणि फोटो बसतात साध्या चार्टपेपरवर, जो काही वर्षांत पिवळा पडून कडकड मोडायला लागतो.

पैठण गेटपासून टिळक पथाने चालत औरंगपुऱ्यात या. वह्या-पुस्तकांची ही जुनी बाजारपेठ. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास इथे उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा ते दिवस टाळा. परदेशी पद्धतीचं १२ × १२ इंचाचं पान मागू नका. आपल्याकडे कार्डशीट येते २२ × २८ इंचाची, आणि त्यातून १२ इंची चौकोन फक्त दोनच निघतात, बाकी सगळं कातरण. त्याऐवजी ११ × ७ चं पान धरा. एका शीटमधून बरोबर आठ पानं निघतात, एक चिंधीही वाया जात नाही. तीन शीटमध्ये २४ पानं, म्हणजे ४८ बाजू. ११ × ७ च्या आडव्या पानावर ४ × ६ चे दोन फोटो शेजारी शेजारी उभे बसतात आणि मजकुरालाही जागा उरते.

शीट २५० जीएसएमची (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पांढरी आयव्हरी, म्हणजे गुळगुळीत जाड कार्ड, घ्या. दुकानदार सांगेल तो आकडा वजनाने पडताळता येतो: या मापाची २५० जीएसएमची शीट साधारण १०० ग्रॅम भरते. तीन शीट काट्यावर ठेवा, ३०० च्या आसपास काटा यायला हवा. २४० भरल्या तर तो माल २०० चा आहे. दुसरी तपासणी हाताने. शीट आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून अलगद वाकवून बघा. ज्या बाजूला ती सहज वळते त्या घडीच्या रेषेला समांतर कागदाचे तंतू असतात. आपल्या पानाची बांधणी ७ इंची बाजूला, आणि ती बाजू शीटच्या २८ इंची कडेवरून निघते. तेव्हा तंतू २८ इंचाच्या बाजूने धावणारी शीट निवडा. तंतू आडवे गेले तर पान उलटताना ताठ उभं राहतं आणि गोंदाचा ओलावा लागला की बांधणीशीच पोक येतो.

तिथूनच एखादी प्रेस गाठा आणि कटिंग मशीनवर तिन्ही शीट एकत्र कापून घ्या. कात्रीने २४ पानं एकसारखी होत नाहीत. प्रेसच्या कोपऱ्यात लग्नपत्रिकांच्या कातरणाचा ढीग असतो, तो मागून बघा. रद्दीच्या भावात रंगीत, जाड, सोनेरी कागद मिळतो. मला तर सजावटीसाठी याहून चांगला सौदा या शहरात दिसत नाही.

चिकटवण्यासाठी डबल टेप (दोन्ही बाजूंना गोंद असलेली) आणि ग्लू स्टिक. पांढरा फेविकॉल फक्त जाड कागदाला. त्यातल्या पाण्याने फोटो आणि पातळ कागद फुगतात. साधी सेलोटेप पिवळी पडते आणि डाग मागे ठेवते. मैद्याची खळ स्वस्त खरी, पण तिला कसर लागते. फोटो तर न चिकटवताच बसवावेत. ए-४ कागदाचे ३ × १.५ सेंमीचे तुकडे कापा. लांब बाजूची दोन्ही टोकं मधोमध खाली दुमडली की त्रिकोणी खिसा तयार. एका कागदातून १२६ तुकडे निघतात, म्हणजे ३१ फोटोंचे चारी कोपरे. टेप लागते ती खिशाच्या पाठीला.

गुलमंडी आणि रंगारगल्लीत लेस मीटरवर मिळते. एका मीटरमध्ये ७ इंची पाच उभ्या पट्ट्या होतात, दोन मीटर पुरे. जरीची लेस असेल तर एक धागा जाळून बघा. प्लॅस्टिकची जर वितळून गोळा होते, तांब्याची तार तशीच राहते. ती तार पुढे काळी पडते आणि फोटोवर डाग पाडते, म्हणून प्लॅस्टिकचीच घ्या.

दुपारी मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद-वेरूळकडची एसटी पकडा. दौलताबाद किल्ला मागे टाकला की खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा, हाताने कागद बनवणारं गाव. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा कागदाचे कारागीरही सोबत आले असं मानतात. इथे हातकागद घेताना दोन गोष्टी विचारा: लगदा सुती चिंध्यांचा की रद्दीचा, आणि कागद घोटलेला, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला, आहे का. चिंध्यांचा कागद टिकतो. न घोटलेल्यावर जेल पेनची शाई पसरते, म्हणून पेन सोबत न्या आणि कोपऱ्यावर दोन अक्षरं लिहून बघा.

हा कागद अख्ख्या पानांसाठी परवडत नाही. फोटोमागे पाव इंच कडा दिसेल असे ४.५ × ६.५ इंचाचे तुकडे काढायचे. कात्री लावू नका. पट्टी ठेवून ओल्या ब्रशने रेघ ओढा, क्षणभर थांबा आणि दोन्ही हातांनी बाजूला ओढा. तंतू सुटून कापसासारखी मऊ कड येते.

परतल्यावर झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल. कोऱ्या २४ पानांचा गठ्ठा ७-८ मिमीचा दिसतो आणि दुकानदार त्याच मापाची स्पायरल काढतो. दोन्ही बाजूंना फोटो, कडा आणि लेस बसली की तोच गठ्ठा २० मिमीच्या पुढे जातो आणि वही आ वासून बसते. २५ मिमीची मागा, मागे-पुढे पुठ्ठा लावून घ्या.