घळीतली झुडपे: पाणी एकीकडे, शेळी दुसरीकडे

झुडपांची नुसती यादी करणं आता बाजूला ठेवलं आहे. पुरंदरच्या पायथ्याशी कऱ्हा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याची घळ बघतोय. तिथे काय काय वाढतं ते बऱ्यापैकी हाती आलंय, म्हणून या हंगामात कोण कोणाशेजारी आणि पाण्यापासून किती वर उभं आहे याच्या मागे लागलोय. पद्धत साधी आहे. एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत सुतळी ताणायची, तिला शिवणारं प्रत्येक झुडूप लिहायचं आणि त्याने सुतळीची किती लांबी अडवली तेही लिहायचं. मग थोडं खाली उतरून पुन्हा तेच. ओढ्याचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे चंदनाचा विषय आहे, चोरांना पत्ता नको, समजून घ्या.

वरच्या मुरमाड उतारावर कुसळीच्या गवतात तरवड, हेकळ, अमोणी आणि बोर. मधे दगडधोंड्यांची पट्टी लागते, तिथे पांढरफळी, गेळ, धायटी आणि त्यांच्यावर चढलेली वाघाटी, शतावरी, गुळवेल. तळाला निर्गुडीची दाट रांग, अधूनमधून करंज. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८मध्ये केलेल्या भारतातल्या वनांच्या वर्गीकरणात हा सगळा मुलूख काटेरी वनात जातो. वरच्या दोन पट्ट्यांना ते शोभतं, पण तळाला उतरलं की काटे जवळजवळ संपतातच.

दोन्ही बाजूही सारख्या नाहीत. आपण साधारण १८ अंश उत्तरेला, त्यामुळे मे ते जुलै सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच असतो. उत्तरेकडे तोंड असलेला काठ हिवाळाभर सावलीत राहतो, माती उशिरा सुकते. मुरुडशेंग मला याच बाजूला मिळाली, समोरच्या काठावर एकदाही नाही. पावसाळ्यात तिची फुलं जरूर जवळून बघा. ताजं फूल विटकरी लाल, शिळं होत जाईल तसं राखाडी निळसर. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात, आणि नवख्याला दोन वेगळी झाडं वाटतात.

पांढरफळीबद्दल एक सूचना. हिच्यात नर आणि मादी झुडपं वेगळी. फळं नाहीत म्हणून ओळख खोडू नका. फांद्यांची टोकं बघा, ती काट्यासारखी टोकदार असतात.

मात्र पाणी आणि ऊन एवढ्यावर हा हिशेब सुटत नाही. रोज या घळीतून शेळ्या जातात, त्यामुळे इथे उभं असलेलं प्रत्येक झुडूप शेळीपासून कसं वाचलं हे वहीत वेगळ्या रकान्यात लिहायला लागलो. बोरीला जोडकाटे, त्यातला एक बहुधा सरळ आणि एक वाकडा, म्हणजे तोंड आत घालताना टोचतो आणि काढताना अडकतो. तरवडाला काटा नाही, पण त्याची साल पूर्वी कातडी कमावायला वापरत इतकी ती तुरट. निर्गुडीचं पान चुरगळून वास घ्या, शेळी तिला का टाळते ते कळेल. (तरवडाची फुलं मात्र माणसं सोडत नाहीत; घटाच्या माळेसाठी नवरात्रात वरचा पट्टा बराच ओरबाडला जातो. वाघाटीची फळंही आषाढी बारशीच्या भाजीसाठी आधीच गायब.)

आता चंदन. त्याला ना काटा, ना शेळीला नकोसा वास. कोवळं रोप उघड्यावर आलं की संपलंच. इथे मला दिसलेली चंदनाची लहान रोपं जवळजवळ सगळी हेकळीच्या किंवा बोरीच्या बुंध्याशी आहेत. बुलबुल-कोकिळा फळं खाऊन तिथेच बसतात, बी खाली पडतं आणि वर काट्यांचं छप्पर आयतं मिळतं. शिवाय चंदन अर्धपरजीवी. त्याची मुळं शेजारच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार ओढतात, तेव्हा शेजार त्याला दोन्ही अर्थांनी लागतो. म्हणून ‘झाडोरा साफ करून’ वृक्षारोपणाचे खड्डे घेणाऱ्यांचा मला राग येतो. हेकळ उपटली की तिच्या पोटातलं पुढचं रानही गेलं.

घाणेरी या परदेशी झुडपाने मधल्या पट्टीत बराच शिरकाव केलाय. वास आहे, बारीक काटे आहेत, वर पक्ष्यांना आवडणारी फळं, म्हणजे सगळी हत्यारं एकाच झुडपाकडे. ती काढायलाच हवी, पण एकदम नाही. आधी बुंध्याशी वाकून बघायचं, देशी रोप असेल तर आजूबाजूची घाणेरी काढून तेवढा आडोसा ठेवायचा आणि रोप शेळीच्या तोंडाच्या वर गेलं की उरलेली तोडायची. याला वेळ लागतो, त्यामुळे सोबत आलेली मंडळी कंटाळतात हेही खरं.

पुढचं काम पहिल्या पावसानंतर. हेकळ, बोर आणि घाणेरी, तिन्हींच्या बुंध्याशी आलेली रोपं वेगवेगळी मोजायची आणि थंडीत त्यातली किती उरली ते बघायचं. सासवड, जेजुरी, शिखर शिंगणापूरकडे कोणी घळी बघत असेल तर याच पद्धतीने नोंदी घ्या, म्हणजे ताडून बघता येतील. सुतळी नायलॉनची नको. काट्यांत अडकली की सुटत नाही.